वाइहीच्या डोंगरातलं भूभौतिक सर्वेक्षण: पहिल्या फील्ड सीझनचा अनुभव

एप्रिल 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात माझा पहिला फील्ड सीझन संपला. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर वाइही नावाचं खाणगाव आहे. त्याच्या भोवतालच्या डोंगरांत आणि कुरणांत मी भूभौतिक सर्वेक्षण करत होते. ज्वालामुखीच्या खडकांत सोनं-चांदी कुठे आणि कशी साठली हे खड्डा न खणता, जमिनीवरून मोजमापं घेऊन समजून घ्यायचं, असा माझ्या पीएचडीचा विषय आहे. निघण्याआधी मराठीत याबद्दल कुणी लिहिलंय का, ते पुष्कळ शोधलं. परदेशी शिक्षणाच्या व्हिसावर भरपूर मिळालं. पण यंत्र पाठीवर घेऊन परक्या देशातल्या शेतकऱ्याच्या फाटकाशी उभं राहण्याआधी काय काय करावं लागतं, ते कुठेच सापडलं नाही. एमएस्सी करणाऱ्या दोघीतिघींनी मला मेलवर हेच विचारलं, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

प्रवेशाचं पत्र मार्च 2024 मध्ये आलं. न्यूझीलंडमध्ये पीएचडीच्या परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिक विद्यार्थ्यांइतकीच फी पडते. मास्टर्सला तसं नाही, तिथे फी कितीतरी पट होते. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला ही एक गोष्ट कळली म्हणूनच मी अर्ज करायचं धाडस केलं, त्यामुळे ती पहिल्यांदा सांगते. शिष्यवृत्तीचं पत्र हातात होतं, त्यामुळे वर्षाला 20,000 न्यूझीलंड डॉलर खात्यात दाखवण्याची अट वेगळी पूर्ण करावी लागली नाही.

दोन वर्षांहून जास्त राहायचं असल्यानं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागलं. पासपोर्ट सेवा केंद्राच्या साइटवर अर्ज, 500 रुपये फी. अर्जाला वेळ लागत नाही, वेळ जातो पडताळणीत. माझा पासपोर्ट गावच्या पत्त्यावरचा आणि मी राहत होते पुण्यात, त्यामुळे कागद दोन ठाण्यांमध्ये फिरत राहिला आणि महिनाभर काहीच हललं नाही. प्रवेशपत्राची वाट न बघता आधी पासपोर्टवरचा पत्ता ठीक करून घ्या. वैद्यकीय तपासणी आणि छातीचा एक्स-रे ठरवून दिलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच करावा लागतो, आपल्या नेहमीच्या डॉक्टरचा चालत नाही. त्याचे पाच-सहा हजार रुपये गेले. व्हिसाचा अर्ज मेच्या मध्यात भरला. तेव्हा फी 375 डॉलर होती, 1 ऑक्टोबर 2024 पासून ती 750 झाली. मंजुरी यायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मी दिवसातून किती वेळा मेल उघडत असेन, त्याला गणती नाही.

सामान भरताना एक काळजी घ्या. फील्डचे बूट, हातोडी, तंबू यांना मातीचा कणही चिकटलेला नको. न्यूझीलंडचं जैवसुरक्षा खातं याबाबत फार कडक आहे आणि जाहीर न केलेल्या वस्तूवर जागेवरच 400 डॉलर दंड होतो. मी बूट टूथब्रशनं घासले, वाळवले आणि फॉर्मवर 'वापरलेले बूट आहेत' असं लिहिलं. ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं तळवे उलटे करून पाहिले आणि परत दिले.

ऑगस्टमध्ये मार्गदर्शकांनी कुठलंही यंत्र हातात देण्याआधी आम्हाला रोटोरुआच्या दक्षिणेला वाइओतापूला नेलं. तिथल्या शॅम्पेन पूल नावाच्या गरम कुंडाचं पाणी साधारण 75 अंश सेल्सिअस तापमानाचं. काठावर केशरी साका जमतो, त्यात आर्सेनिक आणि अँटिमनीच्या संयुगांबरोबर सोनं-चांदीही असते. तिथून फार लांब नसलेल्या ओहाकी भूऔष्णिक क्षेत्रात 1980 च्या दशकात विहिरींच्या पाइपांमधल्या झडपांवर जमलेला थर तपासला, तेव्हा त्यातही सोनं भरपूर निघालं. म्हणजे सोन्याचा साठा तयार होणं ही तिथे आजही चालू असलेली गोष्ट आहे. पुस्तकातल्या आकृतीत जे वर्षानुवर्षं पाहिलं, ते त्या कुंडाच्या काठावर मला पहिल्यांदा खरं वाटलं.

हे होतं कसं, ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं सर्वेक्षण त्यावरच उभं आहे. ज्वालामुखीच्या मुळाशी तापलेला खडक असतो. भेगांतून खाली गेलेलं पाणी तिथे दोन-तीनशे अंशांपर्यंत तापतं आणि वर चढू लागतं. त्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडच्या आधारानं सोनं पाण्यात राहतं. पाणी वर येईल तसा दाब कमी होतो आणि एका खोलीवर ते उकळायला लागतं. सोड्याची बाटली उघडल्यावर निघावा तसा त्यातला वायू बाहेर पडतो, सोन्याचा आधार सुटतो आणि ते क्वार्ट्झबरोबर भेगेतच बसतं. भूपृष्ठापासून साधारण दीड किलोमीटरच्या आत घडणाऱ्या अशा साठ्यांना एपिथर्मल म्हणतात. वाइहीचा साठा याच जातीचा आहे, वय सुमारे 60 लाख वर्षं.

मी कराडकडची, म्हणजे काळ्या बेसॉल्टवरच वाढलेली. आपल्या सह्याद्रीचा खडकही ज्वालामुखीचाच, मग त्यात सोनं का नाही, हे मला घरच्यांनी विचारलं आणि नंतर जवळजवळ प्रत्येकानं विचारलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा लांबलांब भेगांतून पातळ होऊन वाहिला आणि थरावर थर पसरले. एकाच जागी हजारो वर्षं टिकणारी, गंधकयुक्त गरम पाणी खेळवणारी यंत्रणा तिथे उभी राहिली नाही. पाणी फिरलं, पण कमी तापमानाचं. त्यानं आपल्याला झिओलाइटचे सुंदर स्फटिक दिले, अकीक दिले. विदर्भात नागपूर-भंडारा भागात सोन्याच्या नोंदी आहेत, त्या बेसॉल्टच्या कितीतरी आधीच्या खडकांतल्या. एमएस्सीत असताना मी रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला गेले होते. तिथलं सोनंही जुन्या ज्वालामुखी खडकांतलंच, पण ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने, दाबले-वाकवलेले. नुसता ज्वालामुखी पुरत नाही, पाण्याला भरपूर वेळ मिळावा लागतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर फक्त टेबलावर गेले. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण या तीन महिन्यांनी माझा अर्धा सीझन वाचवला. न्यूझीलंडमध्ये खाणकंपन्यांनी परवान्याखाली केलेल्या सर्वेक्षणांचे अहवाल सरकारकडे जमा करावे लागतात आणि ठरावीक मुदतीनंतर ते सर्वांसाठी खुले होतात. न्यूझीलंड पेट्रोलियम अँड मिनरल्स या विभागाकडून ते फुकट मिळतात. पन्नास वर्षांपूर्वी टाइपरायटरवर लिहिलेल्या अहवालांपासून हेलिकॉप्टरनं घेतलेल्या चुंबकीय नकाशांपर्यंत सगळं त्यात आहे. जमिनीची उंची दाखवणारा लायडार डेटाही सरकारी साइटवर मोफत उपलब्ध आहे. भारतात काम करणाऱ्यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल आणि डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार नक्की पाहावं. हवाई चुंबकीय सर्वेक्षणाचे नकाशे आता घरबसल्या उतरवता येतात. आपल्याकडची बरीच मुलं हे न पाहताच प्रबंधाचा विषय ठरवतात, याचं मला वाईट वाटतं.

जुने अहवाल वाचताना वाइहीचा इतिहासही समोर आला. मार्था टेकडीवर सोनं सापडलं 1878 मध्ये. तिथली भूमिगत खाण 1952 पर्यंत चालली आणि तिनं सुमारे 174 टन सोनं दिलं, चांदी त्याच्या सातपट. शेजारच्या कारांगाहाके खोऱ्यात 1889 मध्ये सायनाइडनं सोनं वेगळं करण्याची पद्धत प्रत्यक्ष खाणीवर वापरायला सुरुवात झाली, जगात अगदी पहिल्यांदा. 1980 च्या दशकाच्या शेवटी मार्था पुन्हा सुरू झाली, या वेळी उघडी खाण म्हणून. गावाच्या अगदी मध्यात तो प्रचंड खड्डा आहे. डिसेंबर 2001 मध्ये जुन्या पोकळ्यांवरची जमीन खचली आणि घर आत गेलं. हे वाचल्यावर सुरक्षा आराखड्यातलं 'अज्ञात जुने बोगदे' हे कलम मी नीट, जागा मार्क करून भरलं. तुम्हीही तसंच करा. जुन्या सोन्याच्या भागात झुडपाखाली काय आहे ते सांगता येत नाही.

मग परवानग्या. न्यूझीलंडमध्ये शेत कुणाचंही असलं तरी त्याखालचं सोनं आणि चांदी सरकारचीच असते. क्राउन मिनरल्स ॲक्ट, 1991 नुसार हातानं नमुने घेणं, भूभौतिक मोजमापं करणं अशा गोष्टी 'किमान परिणामाचं काम' म्हणून धरल्या जातात. पूर्वेक्षणासाठी, म्हणजे खनिजाच्या प्राथमिक शोधासाठी, त्याकरता कुणाच्या जमिनीत शिरायचं तर निदान 10 कामकाजी दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कधी येणार, काय करणार, किती दिवस आणि संपर्काचा फोन नंबर कोणता, एवढं त्यात असावं लागतं. आमचं काम विद्यापीठाचं, खाणीसाठीचं नव्हे. तरी मार्गदर्शकांनी तीच मुदत आणि तोच मजकूर पाळायला लावला, शिवाय मालकाचा स्पष्ट होकार घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं सांगितलं. नाताळच्या सुट्टीतले दिवस कामकाजी धरत नाहीत, म्हणून फेब्रुवारीत काम सुरू करायचं तर पत्रं नोव्हेंबरच्या अखेरीस गेलेली बरी.

संवर्धन विभागाच्या ताब्यातल्या जंगलासाठी वेगळा अर्ज केला. खडकाचे नमुने घ्यायचे असतील तर किती, कुठून, किती वजनाचे आणि नंतर त्यांचं काय करणार, हे सगळं लिहावं लागतं. उत्तराला दोन महिन्यांच्या आसपास लागले. कोपू-हिकुआई रस्त्याच्या उत्तरेची कोरोमांडेल द्वीपकल्पातली संवर्धन जमीन क्राउन मिनरल्स ॲक्टच्या चौथ्या परिशिष्टात संरक्षित आहे. माझं क्षेत्र त्याच्या दक्षिणेला असल्यानं तो प्रश्न आला नाही. इथे काम करू इच्छिणाऱ्यानं तो नकाशा मात्र पहिल्याच दिवशी पाहावा.

माओरींच्या स्थानिक इवींशी, म्हणजे त्यांच्या कुळ-समूहांशी बोलणं हा तितकाच महत्त्वाचा भाग. मला आधी वाटलं होतं की एक पत्र पाठवलं की झालं. मार्गदर्शक म्हणाले, "पत्र पाठवू नकोस, भेटायला जा." गेलो. दोन ज्येष्ठ व्यक्तींनी नकाशा टेबलावर पसरून तासभर प्रश्न विचारले: तारा कुठून जाणार, जमिनीत काय रोवणार, पाण्याच्या उगमाजवळ जाणार का, निकाल आम्हाला दाखवणार का. मोजणीची एक रेषा त्यांनी पवित्र मानलेल्या टेकडीच्या माथ्यावरून जात होती, ती आम्ही खाली उतरवली. त्यामुळे डेटात एक फट राहिली आणि ती राहायलाच हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

शेतकऱ्यांकडून होकार येताना मात्र जीव टांगणीला लागला. काहींनी दुसऱ्याच दिवशी फोन करून "या की" म्हटलं. एकाचं उत्तर जानेवारी संपत आला तरी नव्हतं आणि नेमकी त्याचीच कुरणं माझ्या मुख्य रेषेच्या मधोमध होती. शेवटी आम्ही दुधाच्या वेळा टाळून दुपारी गेलो. त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही मोजणार, आणि मग माझ्या शेताखाली खाण येणार का?" मी सांगितलं की आमच्या कामाला कुठल्याही खाणकंपनीचा पैसा नाही, पण निकाल पुढे प्रसिद्ध होतील आणि ते कुणालाही वाचता येतील. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खरं सांगितलंत. गुरुवारी या, गायी पलीकडच्या कुरणात असतील." वाइहीच्या उत्तरेला वारेकिराउपोंगाच्या सोन्याच्या साठ्यावरून तिथे मोठा वाद आहे, कारण वरच्या जंगलात आर्चीज फ्रॉग हा दुर्मीळ बेडूक राहतो. लोकांच्या मनात भीती आहे आणि ती खरी आहे. तिला उडवून लावणारा संशोधक त्या गावात टिकणार नाही, टिकूही नये.

फील्ड 3 फेब्रुवारी 2025 ला सुरू झालं. आम्ही दोघी होतो, मी आणि प्रयोगशाळेतली एक सहकारी. वाइही आणि वाइतेकाउरी यांच्यामधला पट्टा आमचा. मोटेलची खोली दोघींत 130 डॉलर रात्र, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका शेतावरच्या रिकाम्या खोलीत आठवड्याच्या भाड्यानं गेलो. तो खर्च निम्म्यावर आला. गाडी विद्यापीठाची, पेट्रोल प्रकल्पातून. पावसाचं जॅकेट मात्र स्वतःच्या पैशानं चांगलं घ्या. जंगलात शिरताना आणि बाहेर येताना प्रत्येक वेळी बूट घासून त्यावर जंतुनाशक फवारावं लागतं, कारण मातीतून पसरणाऱ्या रोगानं तिथले कौरी वृक्ष मरत आहेत. घाई असली तरी हे टाळू नका.

सुरुवात चुंबकीय मोजणीनं. ताज्या, म्हणजे गरम पाण्यानं न बदललेल्या, अँडेसाइट या ज्वालामुखी खडकात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे तो चुंबकीय असतो. गरम पाण्यातल्या गंधकामुळे ते मॅग्नेटाइट नष्ट होऊन त्यातल्या लोहाचं पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, बनतं आणि खडक चुंबकीयदृष्ट्या मुका होतो. म्हणून सोनं शोधणारा माणूस इथे चुंबकत्व जास्त कुठे आहे ते पाहत नाही, ते कुठे हरवलंय ते पाहतो. इथलं एकूण क्षेत्र सुमारे 54,000 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आणि आपल्याला हवे असलेले फरक काही शेकड्यांचे. सकाळी खोलीवरच घड्याळ, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, मोबाइल सगळं काढून ठेवायचो. तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, पाण्याचा पाइप, उभा ट्रॅक्टर यांच्यापासून लांब राहायचं आणि राहता आलं नाही तर वहीत नोंद करायची. विजेच्या कुंपणाचा दर सेकंदाला येणारा झटका तर मोजणीत स्पष्ट दिसतो. शेतकऱ्याला विनंती केली तर तो तासभर ते बंद ठेवतो, पण परत चालू करायला आपण आठवणीनं फोन करायचा.

दिवसभरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र स्वतःही बदलत असतं, म्हणून दुसरं यंत्र एका जागी ठेवून सतत नोंद घ्यावी लागते. हे मी अलिबागला शिकले होते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली, ही गोष्ट आम्हाला तिथल्या भेटीत सांगितली होती. न्यूझीलंडच्या माळावर शेजारी कुंपण दिसलं की मला ती शिस्त आठवायची. सौरचक्राचा उच्चांक नेमका याच काळात असल्यानं काही दिवस क्षेत्र इतकं हलायचं की काम थांबवावं लागे. निघण्याआधी अवकाश हवामानाचा अंदाज पाहायची सवय लावून घ्या.

गुरुत्वमापन सगळ्यांत संथ आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकवणारं. यंत्र तिपाईवर ठेवायचं, समपातळीत आणायचं, मग मिनिटभर श्वासही जपून घ्यायचा. खालचा खडक जड की हलका, यानं पडणारा फरक मिलिगलमध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. भेगा आणि छिद्रं सिलिका आणि अड्युलेरिया या खनिजांनी भरली तर सच्छिद्र ज्वालामुखी खडक जड होतो, चिकणमाती झाला तर हलका. पण जागेची उंची एक मीटरनं चुकली तरी सुमारे 0.2 मिलिगलचा फरक पडतो, आणि आम्ही शोधत होतो ते बदल कधी कधी तेवढेच होते. म्हणून उंची सेंटिमीटरपर्यंत हवी. उघड्या कुरणात उपग्रहाच्या साह्यानं ती मिळते, दाट झाडीत मिळत नाही. जंगलातली स्थानकं आम्ही जिथे आभाळ दिसतं अशा मोकळ्या जागी हलवली. चंद्र-सूर्याच्या ओढीनं जमीनही फुगते-ओसरते, तिची दुरुस्ती वेगळी. शिवाय यंत्राचं वाचन दिवसभर हळूहळू सरकतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी त्याच तळस्थानकावर परत यायचं. किनारा जवळ असल्यानं समुद्र खवळला की त्याची थरथरही यंत्राला कळायची. एका दुपारी वाचन काही केल्या स्थिर होईना. रात्री कळलं की पॅसिफिकमध्ये लांब कुठेतरी मोठा भूकंप झाला होता.

गॅमा किरणांची मोजणी तुलनेनं सोपी. अड्युलेरिया हे पोटॅशियमचं खनिज, आणि पोटॅशियम-40 मधून निघणारे 1.46 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण हातातल्या यंत्रात मोजता येतात. पण ते फक्त वरच्या 30-40 सेंटिमीटरमधलेच. ओली माती ते अडवते, म्हणून पावसानंतर दोन दिवस थांबायचं. या भागात तरुण ज्वालामुखींची राख वरून पसरलेली आहे, ती खालचं सगळं झाकते. रस्त्याच्या कापलेल्या कडा आणि ओढ्यांचे काठ, जिथे मूळ खडक उघडा आहे, तिथली मोजणीच खरी उपयोगाची ठरली. पोटॅशियमचा आकडा एकटा पाहू नका, थोरियमशी त्याचं गुणोत्तर काढा. गरम पाणी पोटॅशियम वाढवतं, थोरियमला सहसा हात लावत नाही.

मार्चमध्ये विद्युत रोधाची आणि प्रभारणाची मोजणी केली. क्वार्ट्झची शीर, म्हणजे क्वार्ट्झनं भरलेली भेग, विजेला अडवते, चिकणमाती तिला वाट देते आणि पायराइटचे कण थोडा वेळ प्रभार धरून ठेवतात. जमिनीत शेकडो व्होल्ट जातात, म्हणून जनावरं त्या कुरणात अजिबात नकोत आणि रेषेच्या दोन्ही टोकांना माणूस हवा. आम्ही विद्यापीठातून आणखी दोघांना बोलावून घेतलं. कोरड्या उतारावर इलेक्ट्रोडचा जमिनीशी संपर्क नीट होईना, तेव्हा मिठाचं पाणी ओतलं. वीस लिटरचे कॅन चढावर वाहून नेणं हेच त्या आठवड्यातलं मुख्य काम होतं. संध्याकाळी खांदे इतके दुखायचे की वहीत लिहायला हात उठत नसे. तरी मी लिहायचे. शेजारी काय होतं, हवा कशी होती, कोणतं फाटक उघडं होतं, या नोंदींनी पुढे मे महिन्यात कितीतरी संशयास्पद वाचनांचा उलगडा झाला.

मधल्या काळात सलग पाऊस लागला आणि जवळजवळ एक आठवडा आम्ही खोलीत बसून होतो. पैसे जात होते, काम होत नव्हतं, घर आठवत होतं. तेव्हा आधी घेतलेल्या नमुन्यांची चुंबकीय ग्राह्यता, म्हणजे खडक किती सहज चुंबकित होतो ते, हातातल्या यंत्रानं मोजायला घेतली. एका बाजूला काळपट ताजा अँडेसाइट, दुसऱ्या बाजूला पांढुरका, पायराइटचे ठिपके असलेला बदललेला खडक. आकड्यांत दहापट ते शंभरपट फरक. एकाच लाव्हातून आलेले दोन दगड, आणि मधे फक्त गरम पाणी येऊन गेलं होतं. त्या टेबलाशी बसून मला पहिल्यांदा खात्री वाटली की आपण बाहेर जे मोजतोय त्याला अर्थ आहे.

मे ते जुलै प्रक्रिया आणि मॉडेलिंग. दक्षिण गोलार्धात चुंबकीय बल वरच्या दिशेनं झुकलेलं असतं, त्यामुळे नकाशातले उंच-सखल भाग स्रोताच्या नेमके वर येत नाहीत, ते गणितानं जागेवर आणावे लागतात. ते झाल्यावर ईशान्येकडे झुकलेला, कमी चुंबकत्वाचा एक शांत पट्टा स्पष्ट दिसला. उघड्या कड्यांवर पोटॅशियमचं प्रमाण वाढलेलं होतं तेही त्याच पट्ट्यात. गुरुत्वाचा बदल मात्र पश्चिमेच्या कडेला जुळला नाही. यावरून 'इथे सोनं आहे' असं मी म्हणू शकत नाही. चांगल्या शिरेतही टनाला काही ग्रॅमच सोनं असतं, आणि तेवढ्यानं खडकाचं वजन किंवा चुंबकत्व बदलत नाही. म्हणता येतं ते इतकंच: इथून गरम पाणी भरपूर वाहिलं होतं. उरलेलं ठरतं ड्रिलिंगनं. जपानच्या कागोशिमा प्रांतातली हिशिकारी ही सोन्याची खाण याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे गुरुत्वाचा उंचवटा आणि कमी रोधाचा भाग यांवरून जागा निवडली आणि 1981 मध्ये ड्रिलिंगमध्ये जगातल्या अतिसमृद्ध शिरांपैकी एक लागली. नकाशावर तशाच दिसणाऱ्या, पण खाली काही न लाभलेल्या जागाही जगभर पुष्कळ आहेत, आणि त्यांची उदाहरणं वर्गात फारशी दिली जात नाहीत.

ऑगस्टमध्ये प्रत्येक जमीनमालकाला आणि इवींना एका पानाचा नकाशा आणि साध्या भाषेतली टीप पाठवली. कुरणं वाटेत असलेल्या त्या शेतकऱ्यानं उलट फोन करून त्याच्या ओढ्याकाठचा 'पिवळा पडलेला' एक दगड पाहायला बोलावलं आहे. तो भाग नेमका गुरुत्व न जुळलेल्या पश्चिम कडेचाच आहे.

पुढचा सीझन जानेवारीच्या शेवटी. पश्चिमेचा प्रश्न खोलवरचा आहे, म्हणून या वेळी मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदलांवरून खोलवरचा रोध मोजणारी, यंत्रं लावणार आहोत. ती रात्रभर शेतात राहतात, त्यामुळे जुनी संमतीपत्रं चालणार नाहीत. नव्या पत्रात यंत्र किती वेळ राहील, तारांची लांबी आणि गायींपासून ती कशी वाचवणार, हे लिहावं लागेल. मसुदा तयार आहे, पत्रं नोव्हेंबरमध्ये जातील.